रुग्णाच्या उशाशी

दवाखान्यातून बरा होऊन घरी परतलेला मनुष्य डॉक्टरांचे नाव आयुष्यभर सांगत असतो. निदान कोणी केले, शस्त्रक्रिया कोणी केली, कोणत्या औषधाने गुण आला, हे सर्व त्याला पाठ असते. परंतु तापाच्या ग्लानीत रात्री तीन वाजता ज्या हाताने चमचा-चमचा पाणी पाजले, तो हात कोणाचा होता, हे त्याला बहुधा सांगता येत नाही. त्याबद्दल आमची तक्रार नाही. रुग्णाने आपली आठवण ठेवावी म्हणून कोणी परिचारिका होत नाही. परंतु ते पाणी पाजण्यामागे एक विद्या होती, आणि ती आज रुग्णालयांतून व घरांतूनही विरळ होत चालली आहे. म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आम्ही म्हणजे १९६० ते १९७० च्या सुमारास परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या आणि आता निवृत्त होऊन बराच काळ लोटलेल्या परिचारिका. आमच्यापैकी काहींची उमेदीची वर्षे नागपूर-जबलपूरच्या मोठ्या रुग्णालयांत गेली, तर काहींची बालाघाट जिल्ह्यातील उकव्यासारख्या आडवळणाच्या गावी. बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्याने घाट चढून वर आले की साल-बांबूच्या जंगलात मँगनीजच्या खाणीचे हे गाव लागते. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. त्यामुळे कारकून, मास्तर, कंपाउंडर, मुकादम अशी कितीतरी मराठी माणसे नागपूर-भंडाऱ्याकडून इकडे आली व इथलीच झाली. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली. माणसे जागची हलली नाहीत, सीमा मात्र हलली. खाणी आधी इंग्रजी कंपनीकडे होत्या. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि १९७७ पासून ती संपूर्णपणे सरकारी मालकीची झाली. अशा गावी नोकरीस आलेल्या परिचारिकेला मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी अशा चार भाषांतून ‘कुठे दुखते?’ एवढे तरी विचारता यावे लागे.

आमच्या व्यवसायाचा इतिहास फार जुना नाही, आणि तो सुखाचाही नाही. परक्याच्या देहाला स्पर्श करणे, मलमूत्र साफ करणे, पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळी करणे, ही कामे ‘घरंदाज’ मुलींची नव्हेत असे आपल्या समाजाने ठरवून टाकले होते. तरीही काही बायकांनी ती केली. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करीत असता स्वतः प्लेगला बळी पडल्या. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि परिचारिकांच्या शिक्षणाचा पायाही मुंबईत त्याच सुमारास घातला गेला. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या तेथे शिक्षणासाठी दाखल झाल्या. अशा शिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले आणि तेथील विद्यार्थिनींना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविण्याचे धाडस केले. त्यांत तरुण विधवा पुष्कळ असत. ज्यांना घरात जागा नव्हती, त्यांना रुग्णाच्या उशाशी जागा मिळाली.

इतके होऊनही १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका होती. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला. पुढे देशभर अभ्यासक्रमाला एकसारखेपणा आला. आमच्या काळी तो साडेतीन वर्षांचा असे; त्यातील शेवटचे सहा महिने सूतिकाशास्त्राचे. वर्गात ख्रिस्ती मुली अधिक असत. केरळातून इतक्या दूर येऊन, मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत, आमच्याच आयाबहिणींची बाळंतपणे करणाऱ्या त्या मलयाळी सिस्टरांचे ऋण मध्य भारतातील मराठी कुटुंबांनी कधी मोजलेच नाही. आमच्यातील हिंदू मुलींची कथा निराळी होती. ‘मुलगी नर्स आहे’ एवढे कळताच ठरत आलेले स्थळ परत जाई. आणि तेच स्थळवाले आजारी पडले की ‘जरा ओळखीची सिस्टर आहे का?’ म्हणून चौकशी करीत.

आता त्या काळच्या वॉर्डाविषयी. दिवस पहाटे पाचला सुरू होई. रात्रपाळीच्या मुलींनी रुग्णांची तोंडे धुवायची, अंगे पुसायची, चादरी बदलायच्या आणि सातच्या आत वॉर्ड लख्ख करून द्यायचा. चादरीचे कोपरे ठराविक कोनातच दुमडले गेले पाहिजेत. सर्व खाटांची चाके एकाच दिशेला वळलेली पाहिजेत. उशीच्या अभ्र्याचे उघडे तोंड दरवाजाच्या विरुद्ध बाजूस असले पाहिजे. मेट्रनबाई फेरीला आल्या की त्यांची नजर प्रथम तेथेच जाई. आम्हांला त्या वेळी हा निव्वळ छळ वाटे. चाके आणि अभ्रे यांच्यामुळे रुग्ण बरा होत नाही, हे खरेच आहे. परंतु चादरीला सुरकुती न ठेवण्याचा आग्रह मात्र वायफळ नव्हता. जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याच्या पाठीखालची एक सुरकुती दोन दिवसांत जखम करते.

पाठीची ही जखम, म्हणजे शय्याव्रण, हा आमच्या पिढीचा सर्वांत मोठा अपमान समजला जाई. रुग्णाला मृत्यू आला तर तो दैवाचा भाग. पण त्याच्या पाठीला जखम झाली तर ती परिचारिकेची. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा, खांदे आणि डोक्याची मागची बाजू पाहायची. अंग कोरडे ठेवायचे. स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळण्याचा त्या काळी परिपाठ होता. लाल झालेली जागा चोळू नये, त्याने आतील पेशींना अधिकच इजा होते, असे आजचे शास्त्र सांगते. परंतु कूस बदलण्याला अजूनही दुसरा पर्याय सापडलेला नाही.

साधने मोजकी होती आणि ती जपून वापरावी लागत. काचेच्या सिरिंजा आणि पोलादी सुया वापरून झाल्या की धुवायच्या, उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ठेवायच्या आणि पुन्हा वापरायच्या. सुईचे टोक कापसावरून अलगद ओढून पाहायचे. कापसाचे तंतू अडकले तर टोक वळले आहे असे समजून ती दगडावर घासून नीट करायची. रबरी हातमोजे पाणी भरून तपासायचे, भोक दिसले तर ठिगळ लावायचे, पावडर भरून जोड्या बांधायच्या. दुपारच्या निवांत वेळी गॉजच्या घड्या कापणे, कापसाचे बोळे वळणे आणि धुतलेली बँडेजे गुंडाळणे चाले. लांबून पाहणाराला वाटावे की बायका वाती वळत बसल्या आहेत.

परंतु खरे शिक्षण या कामांचे नव्हते. ते होते पाहण्याचे. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंदांची चौपट चालत नसे. नाडी मोजून झाल्यावर मनगट सोडायचे नाही. ते तसेच धरून ठेवून छातीकडे पाहत श्वास मोजायचे, कारण श्वास मोजले जात आहेत असे कळताच रुग्णाचा श्वास बदलतो. विषमज्वराच्या रुग्णाचा ताप चढूनही नाडी त्या मानाने संथ असते, हे पुस्तकात वाचण्यापूर्वीच बोटांना कळलेले असे. शस्त्रक्रिया होऊन आलेला रुग्ण उगाच चुळबुळ करू लागला, ‘तहान, तहान’ म्हणू लागला, कपाळावर गार घाम आला आणि नाडी बारीक व जलद झाली, तर पट्टी कोरडी दिसत असली तरी आत रक्तस्राव होत आहे असे समजून धावत जाऊन डॉक्टरांना उठवायचे. रक्तदाब घसरण्याच्या आधी रुग्णाचा चेहरा बोलतो, असे आमच्या सिस्टर-ट्यूटर सांगत. पेनिसिलिनच्या पूर्वी ज्यांनी वॉर्ड सांभाळले होते, अशा वृद्ध सिस्टर तेव्हा निवृत्तीच्या वाटेवर होत्या. न्यूमोनियाचा रुग्ण सातव्या ते नवव्या दिवसापर्यंत कसा झुंजे, आणि मग एका रात्रीत घाम फुटून ताप उतरे किंवा रुग्ण जाई, हे त्या सांगत. औषध नव्हते, तेव्हा शुश्रूषा हाच उपचार होता.

मोठ्या रुग्णालयातून खाणीच्या गावी आले की या पाहण्याचे मोल दसपटीने वाढे, कारण डॉक्टर एकच आणि तोही नेहमी हजर असेलच असे नाही. ज्या खाणीत दीडशेहून अधिक माणसे काम करतात, तेथे प्रथमोपचाराची खोली, साहित्य आणि परिचारक वर्ग असलाच पाहिजे, असे १९५२ च्या खाण कायद्याने ठरवून दिले. कायद्यातील ते एक कलम प्रत्यक्षात म्हणजे एक टेबल, एक स्ट्रेचर, लाकडी फळ्या, मांडीचे हाड मोडल्यास बांधायची थॉमसची चौकट आणि एक परिचारिका. भोंगा अवेळी वाजला की वसाहतीतील प्रत्येक बाई दारात येऊन उभी राही आणि परिचारिका तेवढी दवाखान्याकडे धावत निघे. जखमीला हलविण्यापूर्वी मोडलेले हाड स्थिर करायचे, रक्त थांबवायचे, आणि हे सर्व करताना त्याच्या बायकोला बाहेर न घालवता जवळ बसवून तिच्या हाती काहीतरी काम द्यायचे. हे शेवटचे पुस्तकात नव्हते. ते उकव्याने शिकविले.

हिवतापाची तर या जंगलात कायमची वस्ती. पावसाळा सरता सरता दवाखान्याच्या ओसरीवर घोंगड्या पांघरून कुडकुडणारी माणसे ओळीने बसलेली असत. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. फवारणीची पथके गावोगाव फिरू लागली आणि रुग्णांची संख्या घटली, तरी बैहरच्या जंगलाने ताप पूर्णपणे कधी सोडला नाही. काही मुले मात्र तापाविनाच हातपाय दुखतात म्हणून रात्र-रात्र रडत. त्यांचे डोळे पिवळट, अंगात रक्त नाही. हा सिकलसेलचा आजार. नागपुरातील डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील या आजाराची नोंद केली होती. पण ते ज्ञान जंगलातील दवाखान्यापर्यंत येण्यास फार वर्षे लागली. तोवर अशा मुलाला ऊब देणे, भरपूर पाणी पाजणे आणि ‘हा रडवा आहे’ म्हणून त्याच्यावर कोणाला ओरडू न देणे, एवढेच हाती होते. या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली, ही बातमी आमच्यापैकी कित्येकींनी डोळ्यांत पाणी आणून वाचली.

बाळंतपणे बहुतेक घरीच होत. दाईच्या हाताबाहेर गेले की बोलावणे येई, तेही बहुधा रात्री. ‘बहनजी, चलो’ एवढेच शब्द. कंदील, उकळलेली कात्री, दोरा आणि बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकण्याची ती लहानशी तुतारी घेऊन निघायचे. बाळंत झाल्यावर बाईचे गर्भाशय हाताखाली चेंडूसारखे टणक लागले पाहिजे. ते सैल पडले की रक्त वाहू लागते आणि तासाभरात बाई हातची जाते. अशाच एका बाळंतिणीला जीपमध्ये घालून बालाघाटला न्यावे लागले, तेव्हा आमच्यातील एकीने घाटाची सारी वळणे तिच्या पोटावरचा हात क्षणभरही न उचलता उतरून काढली. हात थकला की दुसरा हात. पण पोट मोकळे सोडायचे नाही. बाई वाचली. तिची सासू वर्षानुवर्षे बाजाराच्या दिवशी कोदो-कुटकीची पुरचुंडी दवाखान्यात आणून देत असे. ती बाई औषधाने वाचली की हाताने, असे कोणी विचारले तर दोन्हींनी, असेच उत्तर द्यावे लागेल. पण औषध घाटाखाली होते आणि हात जवळ होता.

जुने ते सर्व सोने, असे म्हणण्याचा मात्र आमचा मुळीच विचार नाही. एकच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरण्याच्या पद्धतीत जेथे उकळण्याची हयगय झाली, तेथे कावीळ एकाकडून दुसऱ्याकडे गेली. एकदा वापरून टाकायची सुई आली हे फार उत्तम झाले. धनुर्वाताने आठवडाभराचे बाळ आखडून जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना लसीची थोरवी निराळी सांगावी लागत नाही; माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याची मान्यता भारताला २०१५ मध्ये मिळाली. जुन्या वॉर्डात लहान मुलाच्या आईलाही भेटीच्या तासाशिवाय आत येऊ देत नसत. ती मुले रडून रडून गप्प होत, आणि आम्ही त्याला ‘मूल रुळले’ असे म्हणत असू. विद्यार्थिनींना शिक्षणाच्या नावाखाली स्वस्तात राबवून घेतले जाई, आणि वरिष्ठांपुढे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरे. हे सारे गेले ते बरेच झाले. त्यांच्याबरोबर एक मोलाची गोष्ट जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ती गोष्ट कोणती, याचे उत्तर मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांनी साऱ्या देशाला दिले आहे. त्यांची सहकारी अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अत्याचार झाला आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिला न्हाऊ-माखू घातले, भरविले, कूस बदलली. ज्यांनी तिला चालता-बोलताना कधी पाहिले नव्हते, अशा मुलींनीही ते केले. तिच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती विनंती नाकारली आणि या परिचारिकांच्या सेवेचा मोठ्या आदराने उल्लेख केला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर शय्याव्रण नव्हते. दयामरणाविषयी सुज्ञ माणसांत मतभेद असू शकतात. परंतु त्या न झालेल्या जखमेत किती रात्रींचे जागरण होते, हे आम्ही जाणतो.

आज रुग्णालयात खाटेशेजारी यंत्र असते. ते नाडी मोजते, रक्तातील प्राणवायू सांगते आणि काही बिघडले तर ओरडते. आम्हांस त्याचा हेवा वाटतो. असे एक यंत्र उकव्यात असते तर किती जीव वाचले असते! परंतु यंत्राकडे पाहता पाहता रुग्णाकडे पाहणे राहून जाते, कारण एका मुलीच्या वाट्याला खाटा पुष्कळ असतात आणि प्रत्येक खाटेमागे भरावयाचे कागद त्याहून पुष्कळ. दोष त्या मुलींचा नाही. ज्या समाजाने ही विद्या आपल्या मुलींना शिकू द्यायला लाज बाळगली, त्याने परिचारिका पुरेशा नाहीत म्हणून कुरकुर करू नये.

शिवाय आता रुग्णालये रुग्णाला लवकर घरी पाठवितात. अर्धांगाचा झटका आलेले आजोबा, खुब्याचे हाड मोडलेली आजी, महिनोन् महिने घरातच असतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची अडचण आणखी मोठी. नातलग नागपूर-अमरावतीला, मुले पुण्या-हैदराबादला, आणि घरी दोन वृद्ध एकमेकांच्या आधाराने. तेव्हा वॉर्ड आता घरातच आला आहे, आणि त्याची सिस्टर घरातील कोणालातरी व्हावेच लागणार. म्हणून आम्ही जे शिकलो त्यातील थोडे येथे सांगून ठेवतो.

रुग्ण हलू शकत नसेल तर दिवसा आणि रात्रीही दर दोन तासांनी कूस बदला. चादर ताणून घाला. पाठ व टाचा रोज उजेडात पाहा, आणि कातडी लाल दिसली तर तेथे दाब पडू देऊ नका. भरविताना त्याला उठवून बसते करा, हनुवटी किंचित खाली ठेवा, घास लहान द्या आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. निजलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतणे हे प्रेम नव्हे, धोका आहे. दातांचा, जिभेचा मळ दिवसातून दोनदा काढा. एक साधी वही करा आणि तीत वेळ घालून ताप, औषध, खाणे, लघवी, शौच आणि झोप यांची नोंद ठेवा. अशी वही पाहून डॉक्टरांना जे समजते, ते घाईघाईने सांगितलेल्या हकिकतीवरून समजत नाही. प्रत्येक वेळी आधी व नंतर हात साबणाने धुवा. रुग्ण बेशुद्ध असला तरी त्याच्यादेखत त्याच्या मरणाच्या किंवा खर्चाच्या गोष्टी बोलू नका. तो ऐकत असण्याचा संभव असतो. आणि हे काम एकट्या सुनेच्या किंवा एकट्या पत्नीच्या गळ्यात घालू नका. आमच्याही वॉर्डात तीन पाळ्या होत्या. घरात निदान दोन तरी असाव्यात, आणि त्यांतील एक पुरुषाची असावी.

हे सर्व झाल्यावर काही वेळ नुसते बसा. हातात मोबाइल नको, वर्तमानपत्र नको. रुग्णाचा चेहरा पाहा, श्वास पाहा, तो काय मागतो आणि काय मागायला लाजतो ते पाहा. कालच्यापेक्षा आज काय बदलले, हे ज्याने काल पाहिले असेल त्यालाच कळते. घरातील मुलांनाही कधीतरी असे जवळ बसवा. आजोबांची नाडी मनगटावर कुठे लागते ते त्यांना दाखवा. त्यांतील एखादी मुलगी, किंवा एखादा मुलगाही, उद्या ‘मी परिचर्या शिकतो’ असे म्हणाला, तर कृपा करून त्याला अडवू नका.